मोजणीपुरती नोकरी

प्रिय टिटवी,

सत्तावीस वर्षांच्या बाईला अशी हाक मारू नये हे मला कळतं. पाकिटावर तुझं पूर्ण नाव पदवीसकट नीट लिहिलं आहे, पण आत ते लिहायला हात वळत नाही. लहानपणी तू दिवसभर कशावरून ना कशावरून कलकलाट करायचीस म्हणून आईने ठेवलेलं हे नाव आहे, तेव्हा राग आला तर तिच्यावर काढ. आपलं बोलणं थांबून तीन वर्षं आणि दोन महिने झाले. हे पत्र न उघडता फेकून द्यायचा तुला पूर्ण हक्क आहे. उघडलंसच, तर एक गोष्ट आधीच सांगून टाकते, म्हणजे वाचताना सारखी 'हिला नक्की हवंय काय' असं म्हणत बसणार नाहीस. तू माझ्याशी पुन्हा बोलावंस, एवढंच मला हवं आहे. ते मागायचं तोंड मला उरलं आहे का, हे पत्र संपल्यावर तू ठरव.

तुझा पत्ता मी कसा मिळवला हेही सांगते, नाहीतर तुला वाटेल मी तुझ्या मागावर माणसं सोडली. गेल्या वर्षी तू कॉलेजकडे पदवीच्या दाखल्याची दुसरी प्रत मागितलीस. ते काम बघणाऱ्या बाई सुट्टीवर होत्या, म्हणून अर्ज माझ्या टेबलावर आला. कामगार सल्ला केंद्र, दुसरा मजला, असं त्यावर होतं. दाखला मीच छापला, शिक्का मीच मारला, पाकिटातही मीच घातला. मग एक कोरी चिठ्ठी पुढ्यात घेऊन अर्धा तास बसले. 'कशी आहेस' असं लिहिलं आणि फाडलं. 'डबा वेळेवर खातेस का' असं लिहिलं, ते तर आणखी बारीक फाडलं. शेवटी नुसता दाखला पाठवला. पाकीट बंद करताना डिंक मात्र नेहमीच्या दुप्पट लावला, एवढीच काय ती माया. उघडताना तुला त्रास झाला असेल.

घरचं सांगण्यासारखं फार नाही. समोरची लाँड्री बंद होऊन तिथे चष्म्याचं दुकान आलं आहे, त्यामुळे आता खिडकीत उभी राहिले की चाळीस-पन्नास चष्मे माझ्याकडे बघत असतात. बाथरूमचा नळ मी स्वतः दुरुस्त केला. दोन दिवस टिकला. तू गेल्यापासून मी ओट्याशी उभी राहूनच जेवते. बसून जेवायचं तर ताट वाढावं लागतं, आणि स्वतःलाच वाढून घ्यायला मला कसंसंच होतं. तुझ्या खोलीत मी इस्त्रीचं टेबल नेऊन ठेवलं होतं, खोली वापरात राहील म्हणून. तिसऱ्या दिवशी परत बाहेर आणलं. परवा वॉशिंग मशीनच्या कंपनीतून एका मुलीचा फोन आला, आमच्या सेवेबद्दल तुम्ही किती समाधानी आहात, एक ते दहा. मी प्रत्येक प्रश्नाचं उत्तर कारणांसह दिलं, मशीनच्या आवाजाबद्दल दिलं, पावडरीच्या कप्प्याबद्दल दिलं. शेवटी तीच म्हणाली, मॅडम, मला पुढचे फोन आहेत. कोणी काही विचारलं की मला अलीकडे फोन ठेवावासा वाटत नाही, अशी माझी गत झाली आहे.

आता कॉलेजचं. तू तिथे पाच वर्षं शिकलीस, पण माझ्या खोलीत काय चालतं ते मी तुला कधी धड सांगितलं नाही, आणि तू विचारलंस तेव्हा 'कंटाळवाणं असतं गं' म्हणून उडवून लावलं. झेरॉक्सच्या जुन्या खोलीवर 'क्रमवारी कक्ष' अशी पाटी लागली तेव्हा मी तिथे एकटीच होते, आजही एकटीच आहे. दरवर्षी रँकिंगवाल्या मंडळाचा फॉर्म येतो. ग्रंथालयात पुस्तकं किती, शिकवणारे किती आणि शिकणारे किती, मूट कोर्टात, म्हणजे तुमच्या त्या लुटुपुटीच्या खटल्यांत, बक्षिसं किती, पास झालेल्यांपैकी नोकरीला किती लागले. ते सगळं मी भरते. मग यादी छापून येते आणि तिच्यावरून पोरं कॉलेज निवडतात. आपलं कॉलेज खाजगी, त्याला ना जुनं नाव ना सरकारचा आधार. यादीतला नंबर हेच त्याचं भांडवल. नंबर घसरला की पुढच्या वर्षी निम्मे वर्ग रिकामे, हे संचालक सरांचं पालुपद. तुम्ही मुलं त्यांना 'दशांश सर' म्हणायचात ते मला माहीत होतं. बैठकीत ते खरोखर म्हणायचे, बाई, आपण वरच्यापेक्षा दशांश तीनने मागे आहोत, कुठून आणायचे?

आणि मी आणून द्यायचे. ग्रंथपाल काकांकडे जुन्या वर्तमानपत्रांचे बांधलेले गठ्ठे होते, ते मी पुस्तकांत मोजले. उद्घाटनाला आलेले एक निवृत्त न्यायाधीश दुसऱ्याच्या भाषणात पाऊण तास झोपले आणि घरी गेले. त्यांना मी अतिथी अध्यापकांत धरलं. दशांश सर वाईट माणूस नाहीत, हे तू मान्य करणार नाहीस, पण नाहीत. त्यांचा एकच नियम होता: खोटं एक अक्षर लिहायचं नाही, फॉर्म जेवढं विचारतो तेवढंच लिहायचं. बांधलेला गठ्ठा म्हणजे ग्रंथ का, असं फॉर्म विचारत नव्हता. मला हे काम छान जमायचं, टिटवी. आई गेली तेव्हा मी चोवीस वर्षांची आणि तू अकराची. तेव्हापासून आहे त्यात भागवून वर पुरवून दाखवायची सवय लागलेली. एका भाजीत दोन वेळा काढणारी बाई मी, तीच हातोटी कचेरीत वापरली.

तू अठरा वर्षांची झालीस त्या वर्षीच आपण अकराव्या क्रमांकावर आलो. तुझ्या हातात दोन कॉलेजांची प्रवेशपत्रं होती. एक आपलं आणि दुसरं त्या लांबच्या शहरातलं जुनं सरकारी लॉ कॉलेज. तू ते बघून आली होतीस. तिथल्या व्हरांड्यात बाकांवर माणसं आपापले कागद घेऊन बसतात आणि विद्यार्थी त्यांच्या शेजारी बसून ते कागद वाचून देतात, हे तू मला तीनदा सांगितलंस. भिंतीला ओल आहे, पंखे करकरतात, पण ताई, तिथे खरी माणसं येतात. मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर ती छापील यादी पसरली, आपल्या नावावर बोट ठेवलं आणि म्हटलं, हे बघ, अकरावं, आणि तुझं ते कुठे आहे शोध. तू वरपासून खालपर्यंत यादी वाचलीस. ते नव्हतंच. त्यांनी फॉर्मच भरला नव्हता, ते कधीच भरत नाहीत, आणि हे मला माहीत होतं. तुला मी सांगितलं नाही. तू एवढंच म्हणालीस की बरं, तू म्हणतेस तर.

यातली गंमत अशी, की त्या क्षणी माझा त्या अकरा आकड्यावर खरंच विश्वास होता. आकडे मी भरलेले, गठ्ठे मी मोजलेले, झोपलेले न्यायाधीश मी जागे केलेले. पण गुळगुळीत कागदावर छापून आलं, वर मंडळाचं चिन्ह, आणि मला वाटलं, अरे वा, आपलं कॉलेज चांगलंच आहे की. स्वतःच स्वतःला चकवा लावायचा आणि स्वतःच रस्ता चुकायचं, हे आमच्या धंद्यातल्या लोकांनाच जमतं. पुढे तू माझ्यावर जेवढी चिडलीस, तेवढंच माझं पाप असतं तर मी केव्हाच येऊन पाया पडले असते. त्याच्या खाली आणखी एक आहे. ते मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही, आणि सांगायला कोणी होतंही कुठे.

क्रमांक हे निमित्त होतं. त्या शहराला जायला गाडीने आठ तास लागायचे. तू गेलीस की या घरात मी एकटी उरणार होते. मी एकतीस वर्षांची होते, आणि माझ्या वयाच्या मुली जे जे करून बसल्या होत्या त्यातलं काही मी केलं नव्हतं, कारण मला तू होतीस. तू नसताना संध्याकाळी घरी येऊन काय करायचं हे मला माहीत नव्हतं. 'जाऊ नकोस, मला भीती वाटते' हे पाच शब्द म्हणायला लाज वाटली, म्हणून मी तुझ्यापुढे यादी ठेवली. यादीला लाज वाटत नाही. ते पाच शब्द म्हटले असते तर तू कदाचित तरीही गेली असतीस, पण सुट्टीत आली असतीस.

ती पाच वर्षं मात्र माझी फार चांगली गेली, हे लिहिताना मला शरम वाटते. सकाळी आपण एकाच बसने जायचो. शेवटच्या थांब्याआधी तू पुढच्या दाराशी सरकायचीस, कारण रँकिंगवाल्या बाईची बहीण म्हणून तुला दिसायचं नव्हतं. व्हरांड्यात समोरासमोर आलो की अशी काही अनोळखी नजर टाकायचीस की मलाच क्षणभर वाटायचं, कोण ही. आणि घरी आलीस की दार उघडल्यापासून टिवटिव सुरू. कराराचा कायदा, साक्षीपुरावा, अमुक सर पुस्तकातलंच वाचून दाखवतात, तमुक सर तेही दाखवत नाहीत. मी भांडी घासता घासता ऐकायचे. कॉलेज बरं नाही हे मला तुझ्याच तोंडून कळत होतं, आणि दुसऱ्या दिवशी मी जाऊन त्याच कॉलेजचा फॉर्म भरत होते.

मग तू पास झालीस आणि आठ महिने तुला कुठेही काम मिळालं नाही. मोठ्या वकिली कचेऱ्या यादीतल्या पहिल्या पाच कॉलेजांच्या मुलांनाच बोलवत होत्या, छोट्यांकडे आधीच ओळखीतली मुलं होती. अकरा हा आकडा कोणालाच पाठ नव्हता. तू हळूहळू बोलायची थांबलीस. जेवताना मी काहीतरी विचारायचे आणि तू मान हलवायचीस. तेव्हाच मोजणीचा दिवस जवळ आला. निकालानंतर दहा महिन्यांनी एक तारीख ठरलेली असते आणि फॉर्म एवढंच विचारतो की त्या दिवशी किती जण नोकरीत आहेत. दशांश सरांनी दरवर्षीप्रमाणे बेकार असलेल्यांची यादी मागवली. चौतीस नावं होती, तुझं एकोणिसावं. या चौतीस जणांना कॉलेजनेच आठ आठवडे 'संशोधन सहायक' म्हणून नेमायचं, मोजणी झाली की दुसऱ्या दिवशी मोकळं करायचं. नेमणुकीची पत्रं मी टाइप केली. मुदतीच्या जागी 'पुढील आदेशापर्यंत' असं सगळ्यांना होतं, तुलाही. तुझं पत्र मी तीनदा छापलं, कारण दोनदा समास तिरका वाटला.

इतरांना त्यातली मेख ठाऊक होती. वरच्या वर्गातल्यांनी खालच्यांना सांगितलेलीच असते. ती मुलं अकराला यायची, सही करायची, मोबाइलवर पत्ते खेळून घरी जायची. तुला मात्र कोणी काही सांगितलं नाही, कारण प्रत्येकाने धरून चाललं होतं की हिला हिची ताई सांगेल. आणि ताई रोज ठरवायची, आज सांगू. ते पत्र घेऊन तू स्वयंपाकघरात आलीस तेव्हा तुझा चेहरा मी आठ महिन्यांनी तसा बघितला. तू म्हणालीस, ताई, त्यांनी मला निवडलं. मी काय म्हटलं आठवतंय? मी म्हटलं, मग आता चांगले बूट घे. तू बूट घेतलेस, पुठ्ठ्यावर स्वतःच्या नावाची पाटी लिहून ग्रंथालयाच्या मागच्या खोलीत टेबलावर उभी केलीस आणि दहाच्या ठोक्याला कामाला बसलीस. कोणी काम दिलंच नव्हतं, तर तू स्वतः शोधून काढलंस. भाडेकरूंच्या आणि कामगारांच्या जुन्या निकालांची विषयवार सूची, हाताने, पत्त्यासारख्या कार्डांवर. ग्रंथपाल काका तेव्हा मला म्हणाले होते, तुमच्या बहिणीला आवरा, ही खरंच काम करते आहे. मी हसले होते. ती कार्डं ते अजून वापरतात, आणि कोणी विचारलं तर तुझं नाव सांगतात.

शेवटच्या दिवशी तुला जिन्यात कोणी तरी सांगितलं. तू आलीस, बूट दारात काढलेस, आणि एकच विचारलंस, तुला माहीत होतं? आरडाओरडा केला असतास तर मला सोपं गेलं असतं. मला तुझा आरडाओरडा लहानपणापासून हाताळता येतो. मी म्हटलं, आधी जेवून घे. या वाक्यावर मी गेली तीन वर्षं जगते आहे असं म्हटलं तरी चालेल. तुझ्या आयुष्यातला एवढा मोठा प्रश्न तू मला विचारलास आणि मी तुला ताट दाखवलं. त्या आठवड्याच्या शेवटी तू गेलीस. मी तुला निरोप द्यायलाही खाली उतरले नाही, खिडकीतून बघितलं. तुझी बॅग जिन्यात अडकली होती, तेवढ्यासाठी तरी उतरायला हवं होतं.

त्यानंतरही मी काम सोडलं नाही. शिकलेल्या मुलांना दरवर्षी फोन करून 'सध्या काय करता' विचारायचं असतं. तुझ्या नावापुढे पहिल्या वर्षी मी 'वकिली' लिहिलं, दुसऱ्या वर्षी 'उच्च शिक्षण', फोन न करता. यंदा आपण नवव्या क्रमांकावर आलो. शिपायांपासून सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. महिन्याभराने कोणा दुसऱ्या कॉलेजने तक्रार केली आणि मंडळाने दोन तपासनीस पाठवले, एक जाड भिंगाच्या चष्म्याच्या, मितभाषी बाई आणि एक लॅपटॉपवाले गृहस्थ. ते मूट कोर्टाच्या दालनात बसले, कारण मोठं टेबल तिथेच आहे. मागच्या चार वर्षांच्या यादीतलं दर दहावं नाव घ्यायचं, फोन लावायचा, स्पीकर सुरू ठेवायचा आणि विचारायचं, मोजणीच्या दिवशीची तुमची नोकरी खरी होती का. कॉलेजतर्फे साक्षीला मी. दहावं, विसावं, तिसावं, असं बोट सरकवत त्या बाई तुझ्या नावावर आल्या. त्यांना आपलं नातं ठाऊक नव्हतं. गेल्या मंगळवारची गोष्ट, सकाळी साडेअकराची.

तू हॅलो म्हणालीस. आवाज थोडा जाड झाला आहे तुझा. मागे कोणी तरी जोरजोरात आपली तक्रार सांगत होतं आणि तू त्यांना, एक मिनिट हं काका, म्हणालीस. तपासनीस बाईंनी नियमाप्रमाणे सांगितलं की फोन स्पीकरवर आहे आणि क्रमवारी कक्षाच्या बाई समोर बसल्या आहेत. मी टेबलाची कड धरून बसले होते. वाटलं, आता ही सगळं सांगणार, आणि सांगू दे, तिचा हक्कच आहे. मग तू बोललीस. हो, नोकरी खरी होती. रोज दहा ते पाच काम होतं. मुदतीची नव्हती, मला दुसरं काही करायचं होतं म्हणून मी माझ्या मनाने सोडली. त्यांनी दोनदा विचारलं आणि तू दोनदा तेच सांगितलंस, अगदी ठाम. तुला खोटं बोलताना मी याआधी एकदाच पकडलं होतं, तू नऊ वर्षांची असताना. तेव्हा तुला जमलं नव्हतं. फोन ठेवण्याआधी तू आणखी एक प्रश्न विचारलास, त्याचं शेवटी लिहिते.

बाईंनी तुझ्या नावापुढे बरोबरची खूण केली आणि पुढच्या नावावर बोट नेलं. मी उठून उभी राहिले आणि म्हटलं, ही नोंद खोडा, ती खोटं बोलली आहे. का, म्हणून त्यांनी विचारलं. म्हटलं, माझ्यासाठी, ती माझी बहीण आहे. मग मी खाली जाऊन माझ्या कपाटातली फाइल आणली. चौतीस नेमणुका एकाच तारखेच्या, चौतीस मुक्ततेची पत्रं एकाच तारखेची, आणि आधीच्या वर्षांचीही. एक गोष्ट मात्र त्यांना लिहून घ्यायला लावली: नोकरी खोटी होती, पण हिने केलेलं काम खरं होतं, हवं तर ग्रंथालयात जाऊन बघा. लॅपटॉपवाले गृहस्थ गेले आणि बघून आले. आपलं कॉलेज आता यादीतून निघेल. दशांश सरांनी मला बोलावून घेतलं आणि म्हणाले, बाई, तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती. त्यांचे डोळे भरले होते. शेवटच्या वर्षाची मुलं मला बघून वाट बदलतात. त्यांचंही चुकत नाही, त्यांनी नंबर बघूनच प्रवेश घेतला होता. मला पुढील आदेशापर्यंत घरी बसायला सांगितलं आहे. तुझ्याकडे मंडळाचं एक पत्र येईल, तुमचं निवेदन अमान्य करण्यात आलं, असं काहीसं. त्यात तुझ्या पदवीला किंवा कामाला धक्का नाही, मी बाईंकडून खात्री करून घेतली. मी सगळ्यांसमोर तुला खोटी ठरवलं, हे परक्या पत्रातून कळू नये असं वाटलं.

पण तेवढ्यासाठी हे पत्र लिहिलं नाही. ते दोन ओळींत झालं असतं. फोन ठेवण्याआधी तू त्या बाईंना विचारलंस, समोर बसलेल्या बाई बऱ्या आहेत ना? त्यांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली, आणि त्या तुला म्हणाल्या, हो, बऱ्या आहेत. तू 'बरं' म्हणालीस आणि फोन ठेवलास. त्या दिवशी तिथे दोन खोट्या नोंदी झाल्या. तुझी मी लगेच खोडून घेतली, माझी तशीच राहिली. तीन वर्षांत मला कोणी विचारलेला तो एकच खरा प्रश्न होता, आणि मी पुन्हा ताटच दाखवलं. म्हणून आज बसून उत्तर लिहिते आहे. नाही गं, टिटवी. मी बरी नाही. मी फार एकटी आहे आणि मला तुझी फार आठवण येते.

अजूनही तुझीच,
ताई